प्रकाशवर्ष म्हणजे नक्की किती लांब? घरात वाद पेटलाय, जाणकारांनी सांगा की

नंदगडचा_नाना
नमस्कार मंडळी. पोरगी नववीला हाय, शाळेत विज्ञान प्रदर्शन हाय त्यासाठी ताऱ्यांच्या अंतराचा तक्ता करालीय. तिनं लिहिलं "व्याध, अंतर ८.६ प्रकाशवर्षं". तिच्या मामानं ते बघितलं आणि म्हणाला अगं वर्ष म्हणजे काळ, ते अंतर कसं होईल, खोड आणि किलोमीटर लिही. मामा बँकेत हाय, आकड्याच्या बाबतीत घरात त्याचाच शब्द चालतो, पण ही बी ऐकंना. तिनं गुणाकार पण करून ठेवलाय, ३ लाख गुणिले ६० गुणिले ६० गुणिले २४ गुणिले ३६५, उत्तर ९४६०८ आणि पुढं आठ शून्य. हे बरोबर काय? आणि माझी स्वतःची शंका म्हणजे किलोमीटर असताना हे दुसरं माप काढायची गरजच काय पडली? जरा सोपं करून सांगा, मी किराणा दुकानदार माणूस.

निवृत्त_गणितवाला
नानासाहेब, पोरीचं बरोबर आहे. प्रकाशानं पोकळीतून एका वर्षात जेवढं अंतर कापलं तेवढं एक प्रकाशवर्ष. अंतरच ते. ९ लाख ४६ हजार कोटी किलोमीटर, तिचं उत्तर तेच सांगतंय.

आता तिच्या गुणाकारातली गंमत सांगतो, मला स्वतःला हे फार आवडतं. प्रकाशाचा खरा वेग सेकंदाला ३ लाख किमी नाही, २,९९,७९२.४५८ किमी आहे, म्हणजे तिनं वेग थोडा जास्त घेतला. आणि खगोलवाले या व्याख्येसाठी वर्ष ३६५ दिवसांचं नाही तर ३६५.२५ दिवसांचं धरतात, त्याला ज्युलियन वर्ष म्हणतात, म्हणजे वर्ष तिनं थोडं कमी घेतलं. दोन्ही फरक जवळजवळ सारखेच, हजारात पाऊण सुद्धा नाहीत, एक वर ओढतो एक खाली, आणि एकमेकांना खाऊन टाकतात. खरा आकडा ९,४६,०७३ कोटी किमी, तिचा ९,४६,०८० कोटी. फरक ७ कोटी किमीचा, म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतराच्या निम्म्याहून कमी. एवढ्या मोठ्या गुणाकारात हे काहीच नाही. तिला सांगा आता ३६५.२५ घेऊन आणि वेग मात्र ३ लाखच ठेवून परत कर, उत्तर आधीपेक्षा बिघडेल. एकच बाजू सुधारली की असं होतं.

कंग्राळी_बॉय
सर एवढं छान शिकवत होता तर आमच्या वेळी कुठं होता 😂
पण मामाचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही हां. वेळेवरून अंतर सांगितलं तर वेग बदलला की अंतर बदलणार नव्हे काय? उद्या प्रकाश जरा हळू गेला तर?

निवृत्त_गणितवाला
पाण्यात, काचेत हळू जातोच तो. म्हणून तर व्याख्येत "पोकळीतून" हा शब्द आहे, तो तक्त्यावर लिहायला विसरू नका. पोकळीत मात्र त्याचा वेग सगळ्यांना सारखाच मिळतो, दिवा घेऊन पळणारा असो नाहीतर उभा राहून बघणारा असो. दुसऱ्या कुठल्या वाहनाची अशी खात्री नाही.

आणि मामासाहेबांना हे जरूर सांगा. १९८३ साली मीटरचीच व्याख्या प्रकाशावरून ठरवली. प्रकाश पोकळीत सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढं जातो तो एक मीटर. म्हणजे ज्या किलोमीटरवर त्यांचा भरवसा आहे तोसुद्धा आता घड्याळ आणि प्रकाश यांच्यावरूनच काढलेला आहे. त्यांना प्रकाशवर्ष चालत नसेल तर मीटर पण सोडावा लागेल.

नंदगडचा_नाना
हे लई भारी. मामाला वाचून दाखवलं, "बघू" म्हणाला आणि चहा मागितला.
पण सर किलोमीटर का नको ते राहिलं.

निवृत्त_गणितवाला
कारण अंतरं अशी आहेत की आकडा वाचून मनात काही उभंच राहत नाही. एक करू. सूर्य ते पृथ्वी अंतर आहे सुमारे १५ कोटी किमी, ते एक मीटर धरू. सूर्य ठेवू बेळगावच्या सेंट्रल बस स्टँडवर. सूर्य होतो ९ मिलिमीटरचा, हरभऱ्याएवढा, आणि त्याच्यापासून एक मीटरवर पृथ्वी, मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून लहान, डोळ्याला धड दिसायची पण नाही. नेपच्यून ३० मीटरवर, म्हणजे स्टँडच्या आवारातच. एक प्रकाशवर्ष म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतराच्या ६३,२४१ पट. तर आपल्या मापात ६३ किलोमीटर. आता पुण्याच्या दिशेनं ६३ किमी कुठं येतं हे मला काही सांगता यायचं नाही, गाडी चालवणाऱ्यांनी सांगावं.

पीबी_रोड_पायलट
आलो आलो 🙋 आठवड्याला दोन फेऱ्या असतात या रोडला. ६३ म्हणजे संकेश्वर मागं टाकलं आणि निपाणी अजून यायची हाय, असं मधेच कुठंतरी. पुढचा तारा किती किलोमीटरला सर?

निवृत्त_गणितवाला
सूर्यानंतर सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षं. म्हणजे २६८ किलोमीटर.

पीबी_रोड_पायलट
अरे देवा. कोल्हापूर गेलं, कराड गेलं, सातारा पण गेलं, खंबाटकी घाटाजवळ पोचलो की राव. म्हणजे बेळगाव स्टँडवर एक हरभरा आणि खंबाटकीला दुसरा हरभरा आणि मधे सगळं मोकळं??

निवृत्त_गणितवाला
दुसरा हरभऱ्याएवढा पण नाही, प्रॉक्झिमा फार लहान तारा, मोहरीच्या दाण्याएवढा धरा. बाकी होय, मोकळंच. आणि या मापात आपला प्रकाश किती वेगानं जातो माहीत आहे? तासाला सात मीटर. गोगलगाय बरी.

उद्यमबाग_ट्रेनी
मग नासाचा व्हॉयेजर (अंतराळयान) कुठं येतो यात? १९७७ ला सोडलाय तो

निवृत्त_गणितवाला
व्हॉयेजर १ सेकंदाला १७ किमी वेगानं पळतोय, माणसानं केलेली सगळ्यात लांब गेलेली वस्तू तीच. बस स्टँडपासून १७० मीटरच्या आसपास. बस स्टँडच्या बाहेर पडला एवढंच. प्रकाश-वर्ष सोडा, त्याच्याकडून निघालेला सिग्नल आपल्याला मिळायला जवळपास एक दिवस लागतो, म्हणजे तो एक प्रकाश-दिवस लांब आहे. जवळपास पन्नास वर्षांचा प्रवास आणि अंतर एक दिवसाचं. त्याच वेगानं प्रॉक्झिमाएवढं अंतर कापायला ७५ हजार वर्षं लागतील, तो त्या दिशेला चाललेला पण नाही ते वेगळंच.

सीमावासी_५६
सर आमच्या सीमाप्रश्नाच्या केसचं पण गणित मांडा. महाराष्ट्र २००४ ला सुप्रीम कोर्टात गेला. त्या दिवशी बेळगावातून निघालेला प्रकाश व्याध ओलांडून, श्रवण पण ओलांडून पुढं गेला, केस हाय तिथंच. 😡

धागा_संचालक
सीमावासी, गणित बरोबर आहे (श्रवण १६.७ प्रकाशवर्षं), धागा चुकीचा. त्या विषयाचा धागा वेगळा आहे, तिकडं हजारावर प्रतिसाद आहेत, तिथंच चालू द्या. इथं फक्त आकाश.

चिक्कोडीची_सून
मी पहिल्यांदाच लिहितेय, शंका बावळट वाटली तर हसू नका. सर्व समजलं पण हे मोजलं कुणी? म्हणजे तिथपर्यंत टॉर्च मारून प्रकाश परत यायची वाट बघितली असेल असं तर नाही ना, ८ वर्षं जायला आणि ८ यायला.

निवृत्त_गणितवाला
ताई, उलट हा धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. चंद्राच्या बाबतीत खरंच तसं करतात. १९६९ ला अपोलो ११ च्या लोकांनी तिथं एक आरसा ठेवला, इथून लेसर मारायचा, अडीच सेकंदात परत येतो. त्यावरूनच कळलं की चंद्र दर वर्षी ३.८ सेंटिमीटरनं लांब चाललाय. पण ताऱ्यांना हे चालत नाही.

ताऱ्याचं अंतर कोनावरून काढतात. पृथ्वी सहा महिन्यांनी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला जाते, म्हणजे आपण ३० कोटी किमी सरकून तोच तारा बघतो. जवळचा तारा लांबच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित हललेला दिसतो. किती हलला तो कोन मोजायचा, त्याचा निम्मा घ्यायचा, त्याला पराशय म्हणतात, आणि त्यावरून शाळेतल्या त्रिकोणमितीनं अंतर काढायचं. "किंचित" हा शब्द मात्र जपून घ्या. एका अंशाचे ३६०० भाग केले तर पराशय त्यातला एक पूर्ण भाग सुद्धा नाही, प्रॉक्झिमाला पाऊण भागाच्या थोडं वर आणि तो सगळ्यात जवळचा. म्हणून तर कोपर्निकसनंतर जवळपास तीनशे वर्षं हे कुणाला मोजताच आलं नाही. पृथ्वी फिरत असती तर तारे हलताना दिसले असते, ते दिसत नाहीत म्हणजे पृथ्वी स्थिर, असं लोक म्हणायचे, आणि तो युक्तिवाद काही वेडगळ नव्हता.

शेवटी १८३८ ला बेसेल नावाच्या जर्मन माणसानं हंस राशीतल्या, म्हणजे तारकासमूहातल्या, ६१ सिग्नी या ताऱ्याचा कोन मोजला. किलोमीटरातला (त्यांच्याकडं मैलातला) आकडा सांगून लोकांना काही बोध होणार नाही म्हणून त्यानं सांगितलं, प्रकाशाला तिथून यायला १०.३ वर्षं लागतात. आजचं मोजमाप ११.४ प्रकाशवर्षं. त्या काळची दुर्बीण आणि थंडीत उघड्या घुमटाखाली बसून केलेलं काम बघता हे अंतर कमालीचं जवळ आहे. नाना, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे बघा, माप जन्माला आलं तेच लोकांना समजावं म्हणून. प्रकाशवर्ष हा शब्द सुद्धा १८५१ ला जर्मनीत सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या लेखातून रूढ झाला.

खगोलशास्त्रज्ञ स्वतः कामात पार्सेक वापरतात, तो थेट कोनातून निघतो. पराशयाचा कोन एक विकला (अंशाचा ३६०० वा भाग) आला की अंतर एक पार्सेक, कोन अर्धा तर अंतर दुप्पट, झालं. एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं.

चिक्कोडीची_सून
वा. आणि प्रकाशाचा वेग? तो तर त्याच्या पण आधी मोजायला लागला असेल.

कणकुंबी_नभ
हे मी सांगतो, सरांना पाणी पिऊ द्या. १६७६, पॅरिस, ओले रोमर. गुरूचा आयो नावाचा चंद्र ठरलेल्या वेळी गुरूच्या सावलीत जातो, जवळजवळ घड्याळासारखा. पण पृथ्वी गुरूपासून लांब जात असली की हे ग्रहण उशिरा दिसायचं आणि जवळ येत असली की लवकर. रोमर म्हणाला आयो वेळेवरच आहे, बातमी पोचायला वेळ लागतोय. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला प्रकाशाला २२ मिनिटं लागतात असा त्याचा हिशोब. खरं तर साडेसोळा मिनिटांच्या आसपास लागतात. पण त्याच्या आधी प्रकाशाला वेळच लागत नाही असं मोठमोठे लोक मानायचे, त्यामुळे २२ आली की १६ हा मुद्दाच नाही, शून्य नाही हा मुद्दा आहे.

बेंगळुरूत_अडकलेला_बेळगावकर
आपल्या कर्नाटकातच याचं उदाहरण हाय की. बेंगळुरूजवळ ब्यालाळूला इस्रोच्या मोठ्या डिश अँटेना आहेत, ३२ मीटरची एक हाय त्यात. २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरलं तेव्हा तिकडून निघालेला सिग्नल पृथ्वीवर यायला साडेबारा मिनिटं लागत होती. म्हणजे इथं सगळे स्क्रीनकडं बघत बसलेत, तिथं जे व्हायचं ते होऊन गेलंय, चांगलं की वाईट ते कळायला साडेबारा मिनिटं. त्यामुळे इंजिन चालू करायच्या आज्ञा आधीच यानात भरून ठेवलेल्या. चंद्राला हा त्रास नाही, सव्वा सेकंद फक्त. सूर्याला ८ मिनिटं १९ सेकंद.

उद्यमबाग_ट्रेनी
म्हणजे आपण जे तारे बघतो ते सगळे कधीच मेलेले असतात ना? इन्स्टावर रील बघितलं होतं

कणकुंबी_नभ
नाही!! या रीलवाल्यांना चोर्ला घाटात एक रात्र उभं केलं पाहिजे. नुसत्या डोळ्यांनी दिसणारे जवळजवळ सगळे तारे काहीशे, फार तर काही हजार प्रकाशवर्षांच्या आतले. आणि ताऱ्याचं आयुष्य असतं कोट्यवधी ते अब्जावधी वर्षांचं. त्यामुळे तुम्ही बघताय तो तारा आत्ता पण तिथंच आहे असं धरून चालायला काही हरकत नाही. स्वातीचा प्रकाश ३७ वर्षांपूर्वी निघालेला, स्वाती आहेच की. अगदी ज्याच्याबद्दल नेहमी बोलतात तो मृगातला काक्षी, तो शेवटच्या टप्प्यात आहे, फुटणार आहे, पण "लवकरच" म्हणजे पुढच्या लाखभर वर्षांत कधीतरी. २०१९ च्या शेवटाला तो अचानक मंद झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं फुटतोय, मग कळलं त्यानं बाहेर टाकलेल्या धुळीनं झाकला होता. ती धूळ उडाली शिवाजी महाराजांच्या जन्माच्या पण आधी, आपल्याला दिसलं २०१९ ला.

नानांच्या पोरीसाठी यादी देतो, तक्त्यावर अंतरासमोर "प्रकाश निघाला तेव्हा" असा रकाना करायला सांगा, लोक तिथं थांबून वाचतील. व्याध ८.६, श्रवण १६.७, अभिजित २५, स्वाती ३७, रोहिणी ६५, मघा ७९, चित्रा २५०, अगस्ती ३१०. कृत्तिकांचा पुंजका ४४० च्या आसपास, म्हणजे तालीकोटच्या लढाईत विजयनगर पडलं (१५६५) त्यानंतर थोड्याच वर्षांनी तिथून निघालेला प्रकाश आज आपल्या खानापूर तालुक्यात पडतोय. देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह) २५ लाख प्रकाशवर्षं, अंधाऱ्या रात्री दुर्बिणीशिवाय दिसते, ठिपका नाही, धुरकट डाग. तेव्हा माणूस असा झालेलाच नव्हता.

आणि प्रॉक्झिमा कुठं आहे बघायचं असेल तर मे अखेरीस रात्री साडेदहा-अकराला कणकुंबीकडं या, दक्षिणेला क्षितिजाच्या १३ अंश वर नरतुरंग तारकासमूहातला मित्र नावाचा तारा दिसतो, प्रॉक्झिमा त्याच्याजवळचीच पण दुर्बिणीशिवाय नाही दिसणार. जूनला आलात तर फक्त पाऊस दिसेल.

उद्यमबाग_ट्रेनी
ओके मग हे सांगा. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं. मग १३.८ अब्ज प्रकाशवर्षांच्या पुढचं काही दिसायलाच नको. पण सगळीकडं लिहिलंय दिसणारं विश्व ४६ अब्ज प्रकाशवर्षांपर्यंत. प्रकाश जास्त जोरात आला काय?

कणकुंबी_नभ
जोरात आला नाही, वाट वाढत गेली. प्रकाश निघाला तेव्हा ती वस्तू आपल्यापासून खूप जवळ होती. तो इकडं येत असताना मधली जागाच ताणली जात होती, त्याची पुढची वाट पण लांबत गेली आणि त्यानं मागं टाकलेली वाट पण. तो पोचला १३ पॉइंट काहीतरी अब्ज वर्षांनी, पण तेवढ्या वेळात ती वस्तू सरकून कुठल्या कुठं गेली. आज, आत्ता, या क्षणी मोजपट्टी धरता आली असती तर ४६ अब्ज भरली असती. म्हणून फार लांबच्या गोष्टीत "प्रकाशाला लागलेली वर्षं" आणि "प्रकाशवर्षांतलं अंतर" हे दोन आकडे जुळत नाहीत. जवळच्या ताऱ्यांना, आपल्या आकाशगंगेत (ती साधारण एक लाख प्रकाशवर्षं रुंद), अगदी देवयानीपर्यंत, काही फरक पडत नाही. पेपरात मात्र सर्रास घोळ असतो. जेम्स वेब दुर्बिणीनं पकडलेल्या एका दीर्घिकेचा प्रकाश साडेतेरा अब्ज वर्षं प्रवास करून आलाय, बातमीत लगेच "साडेतेरा अब्ज प्रकाशवर्षांवर". आजचं अंतर जवळपास ३४ अब्ज आहे.

निवृत्त_गणितवाला
हे सगळं खरं, पण नववीच्या तक्त्यावर घालू नका. परीक्षक विचारत बसतील आणि पोरगी अडकेल. आकाशगंगेपर्यंत थांबा.

पीबी_रोड_पायलट
सर आकाशगंगा आपल्या हायवेवर बसती काय? एक लाख गुणिले ६३ किमी

निवृत्त_गणितवाला
६३ लाख किमी. चंद्राच्या सोळापट लांब. हायवे संपला.

नंदगडचा_नाना
मंडळी लई उपकार. तक्ता आता असा ठरलाय, मधे बेळगाव ते खंबाटकी रस्ता, बाजूला ताऱ्यांची यादी आणि तो "प्रकाश निघाला तेव्हा" रकाना. परीक्षक कन्नड आहेत म्हणून दोन्ही भाषेत करालोय, कन्नडला ज्योतिर्वर्ष लिहायचं असं तिच्या मॅडमनी सांगितलं. मामानं स्केच पेन आणून दिलेत, बाकी काही बोलला नाही.
तिचा एक शेवटचा प्रश्न हाय. प्रॉक्झिमाला प्रकाश ४.२४ वर्षांत जातो. एखादं यान जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं गेलं तर आतल्या माणसाला पण चारच वर्षं लागणार काय?

निवृत्त_गणितवाला
नाही, त्याला कमी लागतील, आणि ही कल्पना नाही, वेगानं जाणाऱ्या कणांवर तपासलेली गोष्ट आहे. यान प्रकाशाच्या ९९ टक्के वेगानं गेलं तर पृथ्वीवरच्या घड्याळात ४.२८ वर्षं जातील. आतल्या माणसाच्या घड्याळात साधारण सात महिने. त्याला त्याचं घड्याळ हळू चाललंय असं अजिबात वाटणार नाही, त्याच्या दृष्टीनं मधलं अंतरच आखूड झालेलं असेल. सूत्र देतो: १ मधून ०.९९ चा वर्ग वजा करायचा, त्याचं वर्गमूळ काढायचं, त्यानं ४.२८ ला गुणायचं आणि १२ नं गुणून महिने करायचे. ते तिलाच करू दे. आणि ९९ च्या जागी ९९.९९ टक्के टाकून काय येतं ते इथं कळवायला सांगा, उत्तर महिन्यात नाही, दिवसात मागतो.